ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा अवघड इंटरफेस कसा सुधारावा: कोड न लिहिणाऱ्यांसाठी कामाची पद्धत

गिंप हे चित्रसंपादनाचे ओपन सोर्स, म्हणजे मूळ कोड सर्वांना खुला असलेले, सॉफ्टवेअर १९९६ पासून लोकांच्या हाती आहे. त्यात फोटोवर एक साधे वर्तुळ काढायचे झाले, तर वर्षानुवर्षे रीत अशी होती की, आधी लंबवर्तुळाकार निवडीचे टूल घ्यायचे, निवड आखायची, मग मेन्यूत जाऊन त्या निवडीच्या कडेवरून रेघ ओढण्याची आज्ञा द्यायची आणि शेवटी निवड रद्द करायची. निवड, स्तर (लेयर) आणि रेघ या संकल्पना ज्याच्या अंगवळणी पडल्या आहेत त्याला यात काही वावगे दिसत नाही. उलट याच मार्गाने कोणत्याही आकाराची कड रंगवता येते, याचे त्याला कौतुक वाटते. ज्याला गटछायाचित्रातील एका चेहऱ्याभोवती फक्त गोल करायचा आहे, तो मात्र टूलबार धुंडाळून थकतो आणि सॉफ्टवेअर बंद करतो.

अशा इंटरफेसचे मूळ सौंदर्यदृष्टीच्या अभावात शोधण्याची पद्धत आहे, पण ती दिशाभूल करणारी आहे. आयकॉन नवे केले आणि रंगसंगती गडद केली, तरी वर्तुळ काढण्याच्या पायऱ्या तेवढ्याच राहतात. खरे कारण असे की, ओपन सोर्स प्रकल्पात प्रत्येक सोय ज्याला हवी होती त्याने लिहिली आणि जिथे जागा मिळाली तिथे ठेवली. एखादे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसे पार पडते, हे पाहण्याची जबाबदारी कोणाकडेच नव्हती. शिवाय नवीन पर्याय घालायला एकट्याचा उत्साह पुरतो, जुना पर्याय काढायला मात्र सगळ्यांची संमती लागते. ब्लेंडरने या कोंडीतून काढलेली वाट बोलकी आहे. २००२ मध्ये लोकवर्गणीतून एक लाख युरो उभे करून ओपन सोर्स झालेल्या या त्रिमितीय सॉफ्टवेअरच्या चालकांनी २००५ पासून ॲम्स्टरडॅममध्ये कलाकार आणि डेव्हलपर यांना एकत्र बसवून लघुपट तयार करायला सुरुवात केली. कलाकार कुठे अडतो, हे डेव्हलपरला शेजारच्याच टेबलावर दिसू लागले.

प्रत्येक प्रकल्पाला असा स्टुडिओ परवडणार नाही, पण अडलेला माणूस डेव्हलपरच्या नजरेस आणून देणे कोणालाही शक्य आहे. पुढील पद्धत ज्या वाचकाला कोड लिहिता येत नाही, पण जे सॉफ्टवेअर तो रोज वापरतो ते सुधारावे असे वाटते, त्याच्यासाठी आहे.

पहिली पायरी: सॉफ्टवेअर नव्हे, एक काम निवडा

‘लिबरऑफिसचा (लेखन आणि कार्यालयीन कामांच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा) इंटरफेस जुनाट आहे’ या तक्रारीवर कोणालाही काहीही करता येत नाही. ‘मराठीत एक पानी अर्ज लिहायचा, शीर्षक मोठे करायचे, अक्षरवळण बदलायचे आणि पीडीएफ करून पाठवायचा’ हे मात्र असे काम आहे, ज्यात माणूस कुठे थांबला ते बोट ठेवून दाखवता येते. कामाचे वर्णन वापरणाऱ्याच्या भाषेत लिहावे. मेन्यूतील एकही शब्द त्यात येऊ देऊ नये, कारण ‘पॅराग्राफ स्टाइल बदला’ असे सांगितले की शोधण्याची निम्मी मेहनत आपणच वाचवून टाकतो आणि चाचणीला अर्थ उरत नाही.

काम निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. ते पुष्कळांना वारंवार करावे लागणारे असावे, आणि ते अर्ध्या तासाच्या आत संपणारे असावे. क्वचित लागणाऱ्या सोयींचा इंटरफेस वाईट असला तरी त्याचा त्रास थोड्यांना होतो, आणि मेंटेनरचा, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्या डेव्हलपरचा, वेळ मर्यादित असल्याने अशा सूचना वर्षानुवर्षे पडून राहतात.

दुसरी पायरी: पाच जणांना काम करताना पाहा

ही पायरी गाळून पुढे जाण्याचा मोह सर्वांत मोठा असतो, कारण आपल्याला दोष आधीच माहीत आहेत असे वाटते. प्रत्यक्षात आपण सॉफ्टवेअरला इतके सरावलेले असतो की, आपल्याला खटकणारे दोष आणि नवख्याला अडवणारे दोष यांची यादी क्वचितच जुळते.

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एक लॅपटॉप, पडद्याचे चित्रण करणारे ओबीएस स्टुडिओसारखे ओपन सोर्स सॉफ्टवेअर आणि एक वही एवढे पुरते. चाचणीसाठी जी व्यक्ती ते सॉफ्टवेअर वापरू शकेल पण तरबेज नाही, अशी निवडावी: शाळेतील शिक्षक, संस्थेचा कारकून, महाविद्यालयीन विद्यार्थी. चित्रण कशासाठी आहे, ते कोण पाहील आणि ते केव्हा पुसले जाईल हे आधी सांगून संमती घ्यावी. त्यानंतर ‘परीक्षा सॉफ्टवेअरची आहे, तुमची नाही’ हे स्पष्ट शब्दांत सांगावे. आपल्याकडे संगणकापुढे अडलेला माणूस दोष स्वतःकडे घेतो आणि ओशाळून काम सोडून देतो, म्हणून हे वाक्य औपचारिकता समजून घाईने उरकू नये. मनात काय चालले आहे ते मोठ्याने बोलत राहण्याची विनंती करावी आणि मग गप्प बसावे.

गप्प बसणे अवघड असते. समोरची व्यक्ती ‘आता काय करू?’ असे विचारते, तेव्हा उत्तर द्यायचे नाही. ‘तुम्ही घरी एकटे असता तर काय केले असते?’ असे उलट विचारायचे. ती अगदीच हतबल झाली तर मदत करावी, पण त्या क्षणापाशी काम अपुरे राहिले अशी नोंद करावी. वहीत तिने काय केले, काय अपेक्षिले आणि प्रत्यक्षात काय घडले, असे तीन रकाने असावेत. मत विचारून घेतलेली माहिती यापुढे गौण ठरते, कारण तीन वेळा चुकलेला माणूसही शेवटी सौजन्याने ‘छान आहे’ असेच म्हणतो.

वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांच्या प्रसिद्ध मांडणीनुसार पाच व्यक्तींच्या चाचणीत सुमारे ८५ टक्के दोष उघड होतात. या आकड्यावर वाद आहेत, आणि तो एकसारख्या वापरकर्त्यांच्या गटालाच लागू पडतो. शिक्षक आणि ग्राफिक डिझायनर यांना एका चाचणीत मिसळू नये. तरीही पाच जणांतील तिघे एकाच बटणापाशी थांबले, हा पुरावा कोणत्याही मतप्रदर्शनापेक्षा वजनदार असतो.

तिसरी पायरी: दोषांची प्रतवारी आणि कारण

नोंदी हाती आल्यावर प्रत्येक दोषाला ० ते ४ असा तीव्रतेचा अंक द्यावा. ही नील्सन यांचीच पद्धत आहे: ० म्हणजे दोषच नाही, १ म्हणजे केवळ दिसण्यातील उणीव, २ किरकोळ, ३ मोठा आणि ४ म्हणजे काम अशक्य करणारा. पुढील सर्व श्रम ३ आणि ४ वर खर्च करावेत.

मग कारण शोधावे. सोय आहे पण सापडत नाही, सापडते पण तिचे नाव समजत नाही, आज्ञा दिली पण काही घडल्याचे दिसत नाही, आणि सुरुवातीची ठेवणच चुकीची आहे, हे चार वेगळे आजार आहेत. त्यांवर एकच औषध चालत नाही.

मराठी वापरकर्त्यांच्या परिचयाचे उदाहरण घेऊ. लिबरऑफिस रायटर एका परिच्छेदासाठी एकच फॉन्ट लक्षात ठेवत नाही. रोमन लिपीसाठी एक, चिनी-जपानीसारख्या लिप्यांसाठी दुसरा आणि देवनागरी, अरबी यांसारख्या ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ प्रकारच्या लिप्यांसाठी तिसरा, असे फॉन्ट वेगवेगळे ठेवले जातात. परिच्छेदाची स्टाइल उघडून वरच्या भागात आकार १२ वरून १८ केला, तरी मराठी मजकूर जागचा हलत नाही, कारण तो आकार रोमन मजकुराचा असतो. देवनागरीचा भाग त्याच डायलॉगमध्ये वेगळा असतो, आणि पर्यायांतील भाषाविषयक पानावर त्या प्रकारच्या लिप्यांची सोय चालू केलेली नसेल, तर तो दिसतही नाही.

यात कोडची चूक काढता येणार नाही. एकाच परिच्छेदात मराठी आणि इंग्रजी शब्द मिसळले असता दोन्हींना साजेसे फॉन्ट देता यावेत, हा हेतू योग्यच आहे, आणि मराठी छपाईत त्याची गरज पदोपदी पडते. दोष असा की, लिपींची ही अंतर्गत विभागणी प्रोग्रामच्या पोटात राहण्याऐवजी जशीच्या तशी पडद्यावर आली आहे. वरच्या वर्गीकरणात बसवायचे, तर नावाचा आजार आहे, कारण ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ म्हणजे आपली मराठी हे कोणालाही उमगत नाही. आणि प्रतिसादाचा आजार आहे, कारण आकार बदलूनही पानावर काही न हलल्याचे कारण कुठेच सांगितले जात नाही. असे निदान झाले की उपायही लहान होतो: जो मजकूर निवडला आहे त्याच्या लिपीचा भाग आधी उघडावा आणि त्याला लिपीचे खरे नाव द्यावे.

चौथी पायरी: जुना इतिहास वाचा

सूचना लिहिण्याआधी प्रकल्पाच्या बग नोंदवहीत त्याच विषयावरील जुन्या नोंदी शोधाव्यात. आपल्याला मूर्खपणाची वाटणारी रचना बऱ्याच वेळा कोणीतरी विचारपूर्वक केलेली असते, आणि तिचे कारण माहीत नसताना लिहिलेली सूचना पहिल्याच उत्तरात बंद होते.

गिंप २.८ ही आवृत्ती मे २०१२ मध्ये आली. अनेक खिडक्या पडद्यावर विखुरण्याची जुनी तक्रार त्या आवृत्तीने एकखिडकी पर्याय देऊन सोडवली, आणि त्याच आवृत्तीने एक नवे वादळ ओढवून घेतले. तोवर ‘सेव्ह’ म्हटले की जेपेग, पीएनजी अशा हव्या त्या स्वरूपात चित्र साठवता येत असे. २.८ पासून ‘सेव्ह’ फक्त गिंपच्या स्वतःच्या एक्ससीएफ स्वरूपासाठी राहिले आणि बाकी सर्वांसाठी ‘एक्स्पोर्ट’ ही वेगळी आज्ञा आली. यामागे कारण होते: जेपेगमध्ये स्तर टिकत नाहीत, आणि अनेक तासांचे स्तरांचे काम जेपेग म्हणून साठवून फाइल बंद करणारा माणूस ते काम कायमचे गमावतो. स्तर वापरणाऱ्यासाठी हा निर्णय हिताचा होता. फोटो उघडून कडा कापून तिथेच साठवणाऱ्यासाठी मात्र रोजचे काम वाढले, आणि बंद करताना ‘बदल साठवलेले नाहीत’ हा इशाराही त्याच्या माथी बसला. फाइल मेन्यूत मूळ फाइलवरच पुन्हा लिहिण्याची आज्ञा दिलेली होती, पण ती किती जणांच्या नजरेस पडली असेल याची शंका आहे.

हा इतिहास माहीत असणारा माणूस ‘जुने सेव्ह परत आणा’ असे लिहिणार नाही. एकच स्तर असलेले जेपेग उघडले असता, जिथे गमावण्यासारखे काही नाही तिथे, मूळ फाइलवर लिहिण्याची आज्ञा पुढे आणावी, अशी मर्यादित सूचना तो करील, आणि तिला विरोध करणे अवघड जाईल.

प्रकल्पाचे रचनानियमही याच वेळी वाचून घ्यावेत. ग्नोम आणि केडीई या लिनक्सवरील डेस्कटॉपच्या दोन्ही प्रकल्पांनी इंटरफेसविषयीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केलेली आहेत. ‘हे तुमच्याच तत्त्वांशी विसंगत आहे’ असे संदर्भासह दाखवता आले, तर अर्धे काम झालेले असते.

पाचवी पायरी: सूचना लिहिणे

एका नोंदीत एकच दोष मांडावा. दहा दोषांची एकत्र यादी कोणीही पूर्ण सोडवू शकत नाही, म्हणून ती कधीच बंद होत नाही. नोंदीत आवृत्तीचा क्रमांक, ऑपरेटिंग सिस्टिम, करायचे काम, केलेली कृती, अपेक्षा आणि प्रत्यक्ष परिणाम हे सर्व यावे, आणि त्याखाली ‘पाचपैकी चार जण इथे थांबले’ अशी निरीक्षणाची ओळ असावी. व्यक्तींची नावे देऊ नयेत. चित्रणातील वीस-तीस सेकंदांचा तुकडा संमतीने जोडता आला, तर त्याचा परिणाम लांबलचक निबंधापेक्षा अधिक होतो.

उपाय सुचवताना कच्चे चित्र काढावे. पेनपॉट किंवा इंकस्केप ही ओपन सोर्स साधने यासाठी पुरेशी आहेत, आणि कागदावर पेन्सिलीने काढून फोटो जोडला तरी चालतो. फार सफाईदार चित्र सुरुवातीला देऊ नये, कारण मग चर्चा रचनेवर न होता रंगांवर आणि गोलाईवर होते.

सूचना करताना एका पळवाटेपासून सावध राहावे, ती म्हणजे ‘निदान एक पर्याय तरी द्या’. ओपन सोर्समधील वादांचा शेवट बहुधा सेटिंग्जमध्ये खूण करण्याचा आणखी एक चौकोन वाढण्यात होतो, कारण त्यामुळे कोणीच दुखावत नाही. ग्नोमचे डेव्हलपर हॅवॉक पेनिंग्टन यांनी २००२ मध्येच आग्रहाने मांडले होते की, प्रत्येक पर्यायाला किंमत असते: तो तपासावा लागतो, इतर पर्यायांशी त्याचे जुळवून घ्यावे लागते आणि खरोखर उपयोगी पर्याय त्या गर्दीत हरवतात. लिबरऑफिसमध्ये टॅबवाली पट्टी, एकेरी टूलबार, साइडबार अशा इंटरफेसच्या सहाहून अधिक मांडण्या निवडता येतात. हे औदार्य दिसायला चांगले आहे, पण प्रत्येक मांडणी सारख्याच काळजीने राखणे स्वयंसेवकांच्या बळावर कठीण असते, आणि फोनवरून एखाद्याला ‘वर उजवीकडे दाबा’ असे सांगणेही अशक्य होते. म्हणून नवा पर्याय मागण्याऐवजी डिफॉल्ट, म्हणजे मुळातच लागू असलेली, ठेवण बदलण्याची मागणी करावी. बहुतेक लोक सेटिंग्ज उघडतच नाहीत. त्यांच्यापर्यंत पोहोचणारी सुधारणा फक्त डिफॉल्टमधूनच जाते.

सहावी पायरी: देवनागरी आणि सुलभता यांची तपासणी

ही तपासणी मराठी भाषकाने केली नाही तर ती होत नाही, असा अनुभव आहे. सुचवलेल्या रचनेत मराठी मजकूर घालून पाहावा. ठरावीक उंचीच्या बटणात ‘र्कीं’सारखी वर रफार, वेलांटी आणि अनुस्वार असलेली अक्षरे किंवा ‘ट्टू’सारखी खाली वाढणारी जोडाक्षरे कापली जातात का, हे बघावे. इंग्रजी शब्दाच्या मापाने आखलेल्या जागेत मराठी शब्द तुटतो का, तेही बघावे. वेबवरील सॉफ्टवेअर असेल तर पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवली आहे का, हे पाहणे आवश्यक आहे. तशी नोंद असल्याशिवाय नोटो सान्स देवनागरीसारखा फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे वापरत नाही. मराठी कीबोर्ड चालू असताना कंट्रोल-एस सारखे शॉर्टकट चालतात की नाही, हेही जाता जाता तपासावे.

वाक्ये तुकडे जोडून तयार होत असतील तर ते डेव्हलपरच्या लक्षात आणून द्यावे. इंग्रजीत कोणत्याही नावापुढे एकच क्रियापद चालते, पण मराठीत फाइल हटवली जाते, फोल्डर हटवला जातो आणि चित्र हटवले जाते. भाषांतरकाराला या तिन्हींसाठी पूर्ण वाक्ये मिळाली पाहिजेत, अन्यथा तो कितीही कुशल असला तरी इंटरफेस अशुद्धच राहील.

सुलभतेसाठी वेबच्या आंतरराष्ट्रीय निकषांतील दोन आकडे लक्षात ठेवावेत: साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी उजळपणातील फरक (काँट्रास्ट) किमान ४.५ : १ असावा, आणि २०२३ च्या आवृत्तीनुसार दाबण्याची जागा किमान २४ गुणिले २४ पिक्सेल असावी. त्यानंतर माउस बाजूला ठेवून केवळ टॅब आणि एंटर यांच्या साहाय्याने काम पूर्ण करून पाहावे. विंडोजवर एनव्हीडीए आणि लिनक्सवर ऑर्का हे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचणारे प्रोग्राम, मोफत मिळतात, आणि ईस्पीक एनजी या आवाजनिर्मितीच्या प्रोग्राममुळे मराठीही वाचून दाखवता येते. केवळ चित्र असलेल्या बटणावर स्क्रीन रीडर नुसते ‘बटण’ म्हणत असेल, तर तो तीव्रतेने ४ चा दोष समजावा.

सातवी पायरी: जुन्या वापरकर्त्यांचा विचार

ज्यांची बोटे जुन्या रचनेला सरावली आहेत त्यांचा विरोध हा हट्ट नसतो. त्यांचे रोजचे काम त्यावर अवलंबून असते. ग्नोम ३ ने २०११ मध्ये डेस्कटॉपची मांडणी मुळापासून बदलली, तेव्हा नाराजांनी जुन्या ग्नोम २ चा कोड घेऊन माटे हा स्वतंत्र डेस्कटॉप उभा केला, आणि लिनक्स मिंटने सिनॅमन आणला. याउलट ब्लेंडरने जुलै २०१९ मधील २.८० आवृत्तीत उजव्या क्लिकने वस्तू निवडण्याची आपली जगावेगळी सवय सोडून डावे क्लिक डिफॉल्ट केले, तेव्हा पहिल्यांदा उघडताना येणाऱ्या छोट्या खिडकीतच निवड कोणत्या क्लिकने हवी आणि शॉर्टकट नवे, जुन्या आवृत्तीचे की इतर व्यावसायिक सॉफ्टवेअरसारखे हवेत, हे विचारले. पर्याय वाढवू नयेत, असे वर म्हटले आहे. सवयी बदलताना दिलेला असा संक्रमणाचा पर्याय हा त्याला मान्य करण्याजोगा अपवाद आहे. आपल्या सूचनेत जुन्या वापरकर्त्याला काय सोडावे लागेल आणि त्याची सोय कशी लावता येईल, यावर दोन वाक्ये स्वतःहून लिहावीत.

आठवी पायरी: पाठपुरावा

मेंटेनर पुष्कळदा पगाराविना काम करतो, त्यामुळे उत्तर यायला आठवडे लागू शकतात. लिबरऑफिससारख्या मोठ्या प्रकल्पात रचनागटाच्या खुल्या बैठका नियमित होतात आणि बग नोंदीवर रचनागटाचे मत हवे असल्याची खूण करता येते. हा मार्ग असेल तिथे तोच वापरावा. टीका तीव्र असायला हरकत नाही, ती तपशीलवार असली पाहिजे. मार्टिन कीरी यांनी २०१९ मध्ये म्यूझस्कोर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरच्या इंटरफेसची एका व्हिडिओत बारीकसारीक दोषांसह चिरफाड केली. पुढे त्याच प्रकल्पाच्या रचनेची सूत्रे त्यांच्याकडे आली आणि डिसेंबर २०२२ मध्ये नव्या इंटरफेससह म्यूझस्कोर ४ बाहेर पडले.

सूचना मान्य होऊन बदल चाचणी आवृत्तीत आला, की तेच काम तशाच पण नव्या पाच व्यक्तींना द्यावे. पहिल्या चाचणीतील माणसे पुन्हा घेऊ नयेत, कारण ती आता शिकलेली असतात. मोजमाप हवे असल्यास दोन्ही वेळी जॉन ब्रुक यांची १९८६ मधील वापरसुलभता मोजणारी दहा विधानांची प्रश्नावली भरून घ्यावी. प्रत्येक विधानाला १ ते ५ गुण असतात. विषम क्रमांकाच्या उत्तरातून १ वजा करावा, सम क्रमांकाचे उत्तर ५ मधून वजा करावे आणि बेरजेला २.५ ने गुणावे, म्हणजे १०० पैकी गुण मिळतात. पाच जणांच्या सरासरीवरून संख्याशास्त्रीय दावा करता येत नाही, म्हणून ती नोंदीत लिहिताना माणसे कुठे थांबली याचे वर्णन आधी आणि आकडा नंतर ठेवावा. नवी आवृत्ती प्रसिद्ध होण्यापूर्वी मदतपुस्तिकेतील संबंधित पान आणि त्यावरील पडद्याचे चित्र बदलले आहे का, तेही पाहून घ्यावे. मराठी पुस्तिका असल्यास ते काम बहुधा आपल्यालाच करावे लागते.